टपरीचा बोर्ड करायला देताय? आधी या चुका टाळा

"भाऊ, बोर्ड कंपनीनं फुकट दिलाय. तू फक्त खाली माझं नाव टाक."

महिन्यातून एखादं तरी गिऱ्हाईक असं येतं. काखेत गुंडाळलेला फ्लेक्स. उलगडला की हातभर लांबीचं सिगारेटचं पाकीट, मागं चकचकीत पट्टा आणि खाली दुकानाच्या नावासाठी सोडलेली चार बोटं जागा. कराडला फ्लेक्स-बोर्डाचा धंदा करतोय, पण हे काम मी घेत नाही. नाही म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "सगळ्यांकडं आहेत की!" आहेत, खरंय. पण कारवाई निघाली की सगळ्यांवर एकदम होत नाही, ज्याच्या दारात गाडी थांबते त्याच्यावर होते.

बोर्डावर ब्रँड छापणं ही पहिली आणि सगळ्यात जास्त होणारी चूक. तंबाखूच्या जाहिरातीवर २००३ च्या कायद्यानं बंदी आली. त्यालाच सगळे 'कोटपा' म्हणतात. त्यात एक फट ठेवली होती: पाकिटावर आणि जिथं माल विकला जातो त्या दुकानाच्या दारात किंवा आत जाहिरात चालेल. कंपन्यांनी त्या फटीतून हत्ती आत नेला. मग २००५ च्या नियमांनी ती बुजवली. दुकानावर जास्तीत जास्त दोन बोर्ड. त्यावर फक्त मालाचा प्रकार, म्हणजे 'सिगारेट', 'बिडी', 'तंबाखू'. ब्रँडचं नाव नाही, पाकिटाचा फोटो नाही, घोषवाक्य नाही, मागून लाइट नाही. या नियमांना मुंबई उच्च न्यायालयाची स्थगिती होती. ती सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये उठवली. स्थगितीच्या काळात ज्यांनी दुकान टाकलं त्यांच्या डोक्यात अजून तोच जमाना आहे, आणि घोळ तिथूनच होतो.

"नाव नको तर नको, नुसता तो रंग आणि डिझाइन ठेव," असं सुचवणारेही भेटतात. तेही चालत नाही. एखाद्या ब्रँडची ओळख असलेले रंग आणि मांडणी वापरणं ही नियमांत आडून केलेली जाहिरातच धरली आहे. कायद्यातली जाहिरातीची व्याख्या तर वाचण्यासारखी आहे. छापील मजकूर, तोंडी घोषणा इथपासून प्रकाश, आवाज, धूर आणि वायू इथपर्यंत सगळं त्यात घेतलंय. धुरानं सिगारेटची जाहिरात कोण करत होतं देव जाणे, पण लिहिणाऱ्यानं पळवाट ठेवली नाही. त्यामुळे कंपनीची छत्री, घड्याळ, काउंटरचा दर्शनी पत्रा यांच्यावर नाव असेल तर ते 'सामान' म्हणून सुटत नाही. जुना फ्लेक्स पावसासाठी छपरावर टाकलाय आणि नाव रस्त्याकडं आहे, ही तर नेहमीची गंमत. उलटा टाका किंवा काढून टाका. पैसे किंवा कसलाही फायदा घेऊन जाहिरात दाखवणारा, दाखवू देणारा, उभी करणारा आणि भिंतीवर राहू देणारा, सगळे त्यात येतात. पहिल्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार ऐकून लोक हसतात. त्याच्या आधीची दोन वर्षांची कैद ऐकत नाहीत.

आता मापाची चूक. ही आम्हा फ्लेक्सवाल्यांची, गिऱ्हाईकाची नव्हे. आमचा धंदा फुटात चालतो. गिऱ्हाईक म्हणतं "दोन बाय दीड", आम्ही दोन बाय दीड काढतो. पण मालाच्या बोर्डाचं कमाल माप आहे ६० बाय ४५ सेंटीमीटर. दोन फूट म्हणजे ६०.९६ आणि दीड फूट म्हणजे ४५.७२. दोन्हीकडून बोर्ड नियमाबाहेर! एवढ्यासाठी कोण टेप लावतंय, असं मीही म्हणायचो. एकदा एका गिऱ्हाईकाच्या दुकानात खरंच टेप लागली आणि तो बोर्ड माझ्याकडं परत आला. तेव्हापासून मी फ्रेमसकट ५९ बाय ४४ करतो. फ्रेमसकट हे महत्त्वाचं. फ्लेक्स बरोबर कापायचा आणि वर इंचभर रुंदीची पट्टी ठोकायची, हे पुष्कळ जण करतात.

त्याच बोर्डाच्या वरच्या कडेला २० बाय १५ सेंटीमीटरची इशाऱ्याची चौकट लागते. पांढऱ्यावर काळी अक्षरं, आपल्याकडं मराठीत, तंबाखूमुळे कर्करोग होतो किंवा तंबाखूनं जीव जातो या अर्थाचं वाक्य. डिझाइन करणारी पोरं ती चौकट खाली सरकवतात, कारण वर 'बरी दिसत नाही'. बरी दिसू नये म्हणूनच ती वर आहे.

खरी मेख पुढं आहे. वर सांगितलेला बोर्ड लावलाच पाहिजे असं कुठंही नाही, तो ऐच्छिक आहे. सक्तीचा बोर्ड वेगळाच आहे आणि तो नव्वद टक्के टपऱ्यांवर मला दिसत नाही (हा माझ्या डोळ्यांचा हिशेब, सरकारी आकडा नव्हे). अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकणं हा दंडनीय गुन्हा आहे, असं सांगणारा तो बोर्ड. किमान ६० बाय ३० सेंटीमीटर, दर्शनी जागी, तंबाखूचे दुष्परिणाम दाखवणाऱ्या चित्रासह. इथं मात्र आमचा 'दोन बाय एक' चपखल बसतो, कारण माप किमान आहे. म्हणजे पहिल्या बोर्डाला जास्तीत जास्त माप, दुसऱ्याला कमीत कमी. लोक नेमकं उलटं करतात: मालाचा बोर्ड चार फुटी आणि मुलांचा बोर्ड ए-फोर कागदावर प्रिंट काढून काउंटरच्या आत.

त्या बोर्डाखाली काय चालतं तेही बघा. दुपारी वडील जेवायला जातात आणि आठवीतला मुलगा गल्ल्यावर बसतो. २०११ पासून अठराखालच्या मुलानं तंबाखूचा माल हाताळणं आणि विकणंही बंद आहे. गिऱ्हाईक लहान वाटलं तर वयाचा पुरावा मागायचा, तोही दुकानदारानंच. 'बाबांनी मागवलीय' हे कारण चालत नाही. कोटपात याला दंड फक्त २०० रुपयांपर्यंत आहे, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण मुलाला तंबाखू देण्यासाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हे सांगितलं की माणूस खुर्ची ओढून बसतो.

शाळेपासूनच्या अंतराचंही तसंच. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. शंभर यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर, आपल्या भाषेत तीनशे फूट. ते रस्त्यानं चालत मोजायचं नसतं. शाळेच्या कुंपणापासून सरळ, चहूबाजूंनी मोजायचं. गेटापासूनही नाही. माझ्या एका गिऱ्हाईकानं पावलं टाकून मोजलं आणि छातीठोक सांगितलं, पाचशे फूट भरतंय. रस्त्यानं भरत होतं. त्याच्या दुकानाची मागची भिंत आणि शाळेच्या मैदानाचं कुंपण यांच्यात मात्र एक बोळ होता. मोबाइलच्या नकाशावर सरळ रेषेत अंतर मोजता येतं. गाळ्याची अनामत देण्याआधी मोजा.

सुट्या, म्हणजे एकेक सिगारेट-बिडी विकण्याचं सांगून वाईटपणा येतो, कारण टपरीचा अर्धा धंदा त्यावरच. पण महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० च्या आदेशानं सुटी सिगारेट आणि बिडी विकायला बंदी आहे. कारण सरळ आहे. पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंवर २०१६ पासून ८५ टक्के जागा इशाऱ्याची आहे, ६० टक्के चित्र आणि २५ टक्के मजकूर. सिगारेट एकेक करून दिली की तो इशारा दुकानातच राहतो. इशारा नसलेली परदेशी पाकिटं ठेवणं ही त्याचीच मोठी आवृत्ती. तिथं विकणाऱ्यालाही पहिल्या वेळेला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. किमतीचं स्टिकर चित्रावर चिकटवू नका, हेही त्यातच आलं.

बोर्डावर 'गुटखा मिळेल' लिहून मागणारे अजून येतात. राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि ही तर सहीनिशी कबुली झाली. 'व्हेप'चंही तेच. ई-सिगारेटच्या विक्रीवर आणि जाहिरातीवर २०१९ पासून देशभर बंदी आहे.

टपरीला लागून चहाचं हॉटेल असेल तर तिथं 'धूम्रपान निषिद्ध क्षेत्र'चा बोर्ड वेगळा लागतो, ६० बाय ३० चाच, आणि तक्रार कुणाकडं करायची त्या माणसाचं नाव लावावं लागतं. ते नाव सगळे विसरतात. टेबलावर अॅशट्रे आणि लायटर ठेवू नका.

ऑर्डर देताना कुठला बोर्ड हवाय ते आधी सांगा, आणि मापं सेंटीमीटरमध्येच लिहून पाठवा. फुटात पाठवलीत तर मी फोन करणारच.