टेकडीवरच्या श्रमदानात या चुका टाळा

पुण्याच्या वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी रविवारी सकाळी कुदळ-घमेले घेऊन जाणाऱ्या गटांची उमेद खरी असते. चुकतो तो बहुधा महिना. श्रमदानाची तारीख आपल्या सुटीनुसार ठरते, आणि टेकडीचे काम मात्र पाऊस, गवत आणि बी यांच्या क्रमाने चालते.

सर्वांत मोठी फसगत वृक्षारोपणात होते. 5 जूनला, म्हणजे पर्यावरण दिनी, रोपे लावण्याची हौस असते. परंतु त्या सुमारास पुण्यात पडतात त्या बहुतेक वळवाच्या सरी, आणि त्यांच्यामागून आठ-दहा दिवसांची उघडीप आली की मुरमाड जमिनीतले रोप मान टाकते. आमच्या गटाने एका वर्षी हेच केले. महिनाअखेरीस पाहायला गेलो तेव्हा बऱ्याच खड्ड्यांत नुसत्या काड्या उरल्या होत्या, आणि त्यांतली दोन रोपे तर काळ्या पिशवीसकट पुरलेली निघाली. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावेत आणि रोपे जमिनीत ओल मुरल्यावर, जुलैमध्ये लावावीत. तेव्हाचे केंद्रीय अन्न व कृषिमंत्री क. मा. मुन्शी यांनी 1950 साली सुरू केलेला वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात असतो, ही सोय आपण फुकट घालवतो.

पावसाळ्यात तरारलेले रोप फेब्रुवारीत वाळले, तर लावणाऱ्यांपैकी पाणी घालायला कोण आले होते, हे आधी विचारावे. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी देणे जमणार नसेल, तर रोपांची संख्या निम्म्याहून कमी करावी. निवडही तपासावी. गुलमोहर, सुबाभूळ आणि गिरिपुष्प भराभर वाढतात म्हणून लावले जातात. त्याऐवजी उन्हाळ्यात पाने गाळून तग धरणारी मोई, सालई, गणेर, पांगारा, मेडशिंगी ही झाडे कोरड्या उतारांची मूळची रहिवासी आहेत. शिवाय उघडा माळ दिसला की तो रिकामाच आहे असे समजू नये. टिटवी तिथे खड्यांमध्येच, खड्यांच्याच रंगाची अंडी घालते, आणि पायवाटेच्या कडेला शोभेसाठी दगड रचणारा उत्साही हात ती अंडी पाहतही नाही. दगडांखाली विंचू आणि फुरसेही असतात, हे हातमोजे न घालणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

मेक्सिकोकडून आलेल्या कॉसमॉस या तणाची पिवळी-केशरी फुले फोटोत सुरेख दिसतात, त्यामुळे ती उपटण्याची मोहीम अनेकदा फुले सरल्यावर निघते. तोवर सुईसारखे काळपट बी पिकलेले असते, आणि झाडे ओढत नेताना आपणच ते वाटभर पेरत जातो. हे काम कळ्या धरण्याआधी, जमीन ओली असताना करावे, कारण तेव्हा मूळ अलगद सुटते. उशीर झालाच, तर फुलावर आलेली झाडे तिथेच न टाकता गोणीत भरून खाली आणावीत.

घाणेरी, म्हणजे टणटणी, वरून छाटणे ही तर तिला खतपाणी घालण्याचीच तऱ्हा आहे. बुंध्यातून तिला दुप्पट फुटवे येतात. जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडून झुडूप उलटे करून वाळू द्यावे, आणि हे फळे धरण्यापूर्वी उरकावे, कारण बुलबुल तिची फळे खाऊन बी दूरवर टाकतात. मात्र सगळी जाळी एका दमात साफ करू नये. पक्षी तिच्यात आसरा घेतात, म्हणून तुकड्या-तुकड्याने काढून पुढच्या पावसाळ्यात उगवणारी रोपे पुन्हा उपटावीत.

दिवाळीनंतर गट पांगतात, आणि नेमके तेव्हाच जाळरेषेचे, म्हणजे वणवा अडवण्यासाठी गवत काढून मोकळा ठेवायच्या पट्ट्याचे, काम असते. गवत जाळले की पुढच्या वर्षी चांगले येते, या समजुतीने कोणी काडी लावतो आणि तीन वर्षे जपलेली रोपे तासाभरात संपतात. जाळरेषा आखण्यापूर्वी वन विभागाशी बोलावे आणि पट्टा जाळून काढण्याचे काम त्यांच्याच कर्मचाऱ्यांवर सोडावे. स्वयंसेवकांनी जानेवारीअखेरपर्यंत रोपांभोवतीचे गवत कापावे. कापलेले गवत मात्र पट्ट्यातच ढीग करून ठेवू नये. ते वाळले की वणव्याला पट्टा ओलांडायला पूल मिळतो, म्हणून त्याच दिवशी भारे बांधून पायथ्याच्या गोठ्यांत पोचवावे.