गाव सोडताना फ्लॅट विकावा की भाड्याने द्यावा : निघण्यापूर्वीची तयारी

पुण्यातील सोसायटीतला स्वतःचा फ्लॅट सोडून नोकरीसाठी बंगळूरला किंवा परदेशी जायचे ठरले, की दलालाला फोन करण्याआधी घरातील सर्वांनी एकत्र बसून एक गोष्ट ठरवावी : पुढच्या पाच-सात वर्षांत आपण खरोखर परत येणार आहोत का, आणि आलो तर याच घरात राहणार का. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर उद्या आईवडिलांना चढता येणार नसेल, तर परत आल्यावरही दुसरेच घर घ्यावे लागेल. अशा वेळी केवळ माया आहे म्हणून घर ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर भाड्याचा हिशेब कागदावर मांडावा आणि तो वर्षाला ११ महिन्यांचाच धरावा, कारण एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत घर रिकामे राहतेच. समजा, फ्लॅटची किंमत ९० लाख रुपये आणि भाडे २५,००० रुपये आहे. वर्षाच्या २,७५,००० रुपयांतून सोसायटीचे ४२,०००, मिळकत कराचे १२,००० आणि रंगरंगोटी-दुरुस्तीचे २५,००० वजा केले, तर हाती १,९६,००० रुपये, म्हणजे किमतीच्या सव्वादोन टक्क्यांहूनही कमी उरतात. आणि त्यावरचा प्राप्तिकर अजून बाकीच असतो. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा सोसायटी बिनभोगवटा शुल्क आकारू शकते, मात्र ते महापालिकेचे कर वगळून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. पुणे महापालिकेची स्वतः राहणाऱ्या मालकासाठी असलेली ४० टक्क्यांची सवलतही घर भाड्याने दिल्यावर मिळत नाही. गृहकर्ज शिल्लक असेल, तर त्याचे वार्षिक व्याज याच कागदावर शेजारी लिहावे. बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो.

विक्रीकडे कल असल्यास सनदी लेखापालाला सौद्यापूर्वीच घराची माहिती द्यावी. घर २४ महिन्यांहून अधिक काळ मालकीचे असेल, तर नफ्यावर १२.५ टक्के दराने कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी (करासाठी भारतात राहणारी मानली जाणाऱ्या) व्यक्तीला महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन, म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरून, २० टक्क्यांचा पर्यायही आहे. नफ्यातून दोन वर्षांत दुसरे घर घेऊन किंवा सहा महिन्यांच्या आत ठरावीक रोख्यांत ५० लाखांपर्यंत रक्कम गुंतवून कर वाचवता येतो. परदेशी जाणाऱ्यांनी एक बाब विशेष ध्यानात ठेवावी : निवासी विक्रेत्याच्या ५० लाख किंवा अधिक किमतीच्या व्यवहारात खरेदीदार १ टक्काच कर कापतो, पण विक्रेता अनिवासी ठरल्यावर कपात कितीतरी मोठी होते आणि ती कमी करण्यासाठी प्राप्तिकर खात्याचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. विकायचेच असेल तर निघण्यापूर्वी विकणे सोयीचे, ते यासाठी.

निर्णय कोणताही असो, कागदपत्रे आधी तपासावीत. नोंदणीकृत खरेदीखत, सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातील व्यवहाराचा उतारा, इंडेक्स टू), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला), कराच्या पावत्या आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट एकत्र काढावे. शेअर सर्टिफिकेट उलटवून मागच्या रकान्यात आपले नाव चढले आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. पूर्वीच्या मालकाचीच नोंद शेवटची असेल, तर ऐन विक्रीच्या वेळी खरेदीदाराची बँक तिथेच अडते. वारस-नामांकनही याच वेळी करून घ्यावे.

भाड्याने द्यायचे ठरल्यास लीव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार) लेखी करून त्याची नोंदणी करावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ही जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर करारातील अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ओळखीतला भाडेकरू आहे म्हणून यात ढिलाई करू नये. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे व सोसायटीकडे द्यावी. गळणारा नळ पाहायला जाईल असा एक माणूस गावात नक्की करावा, आणि सह्यांसाठी त्याच्या नावे मर्यादित अधिकारांचे कुलमुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच नोंदवावे. परदेशातून ते करायचे म्हणजे दूतावासाच्या फेऱ्या आल्या. शेवटी विजेच्या मीटरचे रीडिंग, गिझर, पंखे आणि भिंतींवरची ओल यांचे तारखेसह फोटो काढून ते भाडेकरूच्या सहीच्या सामानयादीला जोडावेत, आणि किल्ल्यांचा एक जोड गावातल्या त्या माणसाकडे द्यावा.