मृगाआधी घरची कोठी उघडा: टंचाईतल्या खरिपाची तयारी

मे २०२० चा शेवटचा आठवडा, करोनाची टाळेबंदी चालू. रोहिणी लागून चार दिवस झाले. वळवाच्या एका सरीनं धूळ तेवढी बसली, वखरलेली रानं तापून पडलीत. दरवर्षी या दिवसांत तालुक्याला बियाण्याच्या दुकानापुढं झुंबड उडते. यंदा तिथं चुन्याचे गोल आखलेत. गेल्या आठवड्यात मी त्यातल्या अकराव्या गोलात उभा होतो. पुढचे सहा जण झाले आणि शटर खाली आलं. दुकानदाराचा दोष नाही, वेळच दुपारपर्यंतची होती. २५ मार्चपासून चालू असलेल्या टाळेबंदीची चौथी मुदत परवा ३१ मेला संपते. पुढं काय उघडं राहील, काय बंद होईल, कुणी छातीठोक सांगत नाही. बियाणं-खतांना मार्चअखेरीसच सूट मिळाली हे खरं, पण पोती उतरवायला हमाल लागतो आणि ट्रकला ड्रायव्हर. दोघंही आपापल्या गावी निघून गेलेत.

म्हणून यंदा सोयाबीनच्या बियाण्याचा विचार आधी घरच्या कोठीपासून करा.

सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे. कपाशीच्या संकरित बियाण्यासारखं ते दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही. प्रमाणित बियाणं एकदा आणलं की त्याच्यापासून आलेलं सोयाबीन पुढची दोन-तीन वर्षं बियाणं म्हणून चालतं. वाण जेएस ३३५ असो, एमएयूएस ७१ असो की फुले संगम, सगळ्यांना हे लागू आहे. तरी आपल्याकडं नव्या पिशवीशिवाय पेरणी झाल्यासारखी वाटत नाही. ही सवय यंदा परवडणारी नाही.

पण एक मेख आहे. गेल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसानं काय केलं ते सगळ्यांच्या लक्षात आहे. गंजी भिजल्या, काहींच्या शेंगांतच कोंब फुटले. ते सोयाबीन वाळवल्यावर वरून ठीक दिसतं, आतला जीव मात्र गेलेला असतो. माझ्याकडं दोन कोठ्या आहेत. एकीत दसऱ्याच्या आसपास कोरड्यात निघालेलं, दुसरीत दिवाळीनंतर भिजून वाळलेलं. हातात घेतलं तर रंगात थोडाच फरक. उगवण तपासली तेव्हा पहिलं शंभरात ७८ निघालं, दुसरं ५१. दुसरं न तपासता पेरलं असतं तर निम्मं रान उघडं पडलं असतं आणि मी दोष पावसाला दिला असता.

तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही. कोठीच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ दाणे काढून एकत्र करा. चांगले निवडायचे नाहीत, हाताला येतील ते घ्यायचे. गोणपाटाचा तुकडा धुऊन ओला करा आणि त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, दोन दाण्यांत साधारण दीड-दोन सेंटिमीटर अंतर ठेवून. वरून दुसरा ओला तुकडा घाला, अलगद गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडायचं, भिजत घालायचं नाही. अशा तीन गुंडाळ्या करा. सहा-सात दिवसांनी उघडून सरळ, निरोगी कोंब आलेले तेवढेच मोजा. वाकडे, कुजके, अर्धवट फुटलेले सोडून द्या. तिन्हींची सरासरी ही तुमची उगवणशक्ती. गोणपाट नसेल तर वर्तमानपत्राच्या चार घड्या भिजवूनही होतं. कागदाच्या सुरनळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या की चौथ्या दिवशीच अंदाज येतो.

माझा पुतण्या चाकणच्या कारखान्यातून आला. चौदा दिवस शाळेत विलगीकरणात राहिला आणि पंधराव्या दिवशी घरी आल्यावर त्याला पहिलं काम हेच दिलं. पहिल्या गुंडाळीत त्यानं ९७ दाणे मांडले होते. मोबाइलवर बोलत मोजणी केली की असं होतं. घरी परतलेली पोरं सध्या घरोघरी बसून आहेत, त्यांना अशी बारीक कामं लावा. मात्र विलगीकरणाचे दिवस पुरे झाल्यावरच.

आता हिशेब. उगवण ७० टक्के किंवा जास्त आली तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. त्याखाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवा. म्हणजे ६२ टक्के आली तर ३४ किलो. साठाच्या खाली असेल तर ते बियाणं म्हणून वापरू नका, बाजार उघडला की विकून टाका. बियाणं चांगलं पण कमी असेल तर टोकण करा, म्हणजे हातानं एकेक दाणा लावा, किंवा रुंद वरंबा सरीच्या यंत्रानं पेरा, एकरी २० ते २२ किलोत भागतं. वरंब्याचा दुसरा फायदा असा की पाऊस ओढला तर ओल टिकते, फार झाला तर सरीतून पाणी निघून जातं.

सोयाबीनचं साल फार पातळ असतं. पोतं खांद्यावरून धपकन टाकलं तरी आतला कोंब दुखावतो. थप्पी उंच रचू नका, पोत्यांखाली फळ्या ठेवा. बीजप्रक्रियेतही चोळचोळ नको. थायरम हे बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम हलक्या हातानं लावा, सुकू द्या. मग पेरणीच्या दिवशी रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत, प्रत्येकी किलोला २५ ग्रॅम. हे लावलेलं बियाणं सावलीत वाळवून तीन-चार तासांत रानात गेलं पाहिजे. हातमोजे घाला. करोनासाठी शिवलेला कापडी मास्क औषधाच्या भुकटीपासून किंवा वाफेपासून पुरेसं संरक्षण देत नाही, त्यावर विसंबू नका. औषध लावलेलं उरलं तर ते ना माणसानं खायचं, ना जनावराला घालायचं.

आणि घाई नको. हवामान खात्यानं एप्रिलमध्ये यंदा सरासरीइतका पाऊस सांगितलाय, पण सरासरी चार महिन्यांची असते, पेरणी एका आठवड्याची. जमिनीत ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस मुरल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका, म्हणजे पेरणी सुरू करू नका. सपाट बुडाचा, सरळ उभ्या बाजूचा डबा अंगणात उघड्यावर ठेवा आणि दर पावसानंतर पट्टीनं मोजून वहीत लिहा. दाणा तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. इतर वर्षी पेरणी फसली तर धावत जाऊन दुसरी पिशवी आणता येत होती. यंदा दुबार पेरणीला बियाणं मिळेलच असं नाही, म्हणून कोठीतलं सगळं पहिल्याच पेरणीत संपवू नका. एकरामागं पाच-सात किलो हाताशी राहू द्या, तुटाळ म्हणजे न उगवलेल्या जागा भरायला.

खताकडं वळू. डीएपी हे नत्र-स्फुरदाचं खत मिळत नाही ही ओरड दोन आठवड्यांपासून चालू आहे. मला विचाराल तर सोयाबीनला डीएपीचा हट्टच नको. मराठवाड्यात सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र, ६० स्फुरद, ३० पालाश देतात. एकराला झालं १२, २४, १२. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद असतं, तेव्हा ५० किलोच्या तीन पोत्यांत बरोबर २४ किलो निघतं. १२ किलो नत्राला २६ किलो युरिया, पालाशसाठी २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश. झालं. वर सुपर फॉस्फेटमधून गंधक मिळतं, ते डीएपीत नसतं, आणि तेलबियांना ते लागतं. पोती जास्त वाहावी लागतात एवढाच तोटा.

खत घेताना मशिनवर अंगठा द्यावा लागतो. सकाळपासून त्याच काचेवर शंभर अंगठे टेकलेले असतात, तेव्हा आधी आणि नंतर साबणानं हात धुवा. सॅनिटायझर लावला असेल तर तो पूर्ण सुकेपर्यंत विडी-काडी किंवा चुलीजवळ जाऊ नका, तो पेट घेतो. त्यापेक्षा गट करून कृषी सहायकाकडं यादी द्या. कृषी विभाग यंदा गटांमार्फत बांधावर खत-बियाणं पोचवतो आहे. दहा घरांचा माल एका टेम्पोत येतो आणि दहाऐवजी एकालाच तालुक्याला जावं लागतं. बिल मात्र प्रत्येकाच्या नावाचं वेगळं घ्या. पिशवी फोडताना टॅग असलेली बाजू शाबूत ठेवून खालून फोडा. टॅग, बिल, रिकामी पिशवी आणि मूठभर दाणे पीक निघेपर्यंत जपा. उगवलं नाही तर तक्रारीला हाच पुरावा. बिनबिलाचं कपाशीचं बियाणं ‘रातोरात आणून देतो’ म्हणणारे फिरताहेत. बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाला २०२० च्या हंगामासाठी ७३० रुपये हा भाव ठरला होता. ठरलेल्या भावाहून जास्त मागणाऱ्याला आणि बिल न देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मजुरांचं काय, हा प्रश्न सगळेच विचारतात. बाहेरचे मजूर येणार नाहीत, गावातले एकमेकांच्या घरी जायला बिचकतात. आपल्या बापजाद्यांनी यावर सावड केली होती: आज तुझं रान, उद्या माझं. चार घरांनी एकच जोड ठरवा आणि पेरणी संपेपर्यंत बदलू नका, म्हणजे कुणी आजारी पडलं तरी ते चार घरांतच कळेल. इर्जिकीच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेल्या कामाच्या, पंगतीची मजा यंदा सोडा. शिदोरी आपापली, पाण्याचा तांब्याही आपापला. बांधावर साबण आणि घागर ठेवा. तंबाखूची चंची एकमेकांपुढं करणं बंद करा, सगळ्यात अवघड तेच जाईल हे मला ठाऊक आहे. तणनाशकाला पैसे नसतील तर पहिली कोळपणी पंधरा-वीस दिवसांत उरकता येईल एवढंच रान पेरा.

घरच्या खाण्याचाही विचार आत्ताच करा. सोयाबीन पोटात जात नाही, ते विकल्यावर पैसा येतो, आणि बाजार कधी बंद पडतील सांगता येत नाही. पेऱ्यात तुरीची ओळ नक्की घाला. न्हाणीच्या पाण्यावर परसात गवार, भेंडी, दोडका लावा. डाळ-गिरणी बंद असेल तर आईला विचारा, जात्यावर तूर भरडायची रीत तिला येते.

विदर्भात अमरावतीकडून टोळधाड शिरल्याची बातमी आहे. आपल्याकडं अजून नाही. आली तर पत्र्याचे डबे वाजवा, धूर करा, निंबोळीचा ५ टक्के अर्क फवारा, आणि रात्री ती कुठं बसली ते कृषी सहायकाला लगेच कळवा. सकाळी उडायच्या आत फवारणी झाली तरच उपयोग.

आज संध्याकाळी गोणपाट गुंडाळलंत तर मोजणी मृगाच्या दोन-तीन दिवस आधी हातात येते. आकडा साठाच्या खाली निघाला तरी शेजारी विचारायला तेवढा वेळ पुरतो. बिनलेबलचं घरचं बियाणं एका शेतकऱ्यानं दुसऱ्याला द्यायला-विकायला २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं मुभा आहे. माझ्या पहिल्या कोठीतलं दोन क्विंटल माझ्या गरजेपेक्षा जास्त आहे. गावातल्या कुणाला हवं असेल तर बारदान स्वतःचं, धुऊन उन्हात वाळवून आणा. खताच्या रिकाम्या पोत्यात मी भरून देणार नाही, त्यात बियाणं मरतं.