पिकअपचा फोर-व्हील कधी लावायचा, आणि मुख्य म्हणजे कधी काढायचा

मृगाचे दोन पाऊस झाले की सांवेर, देपालपूर, सिमरोलकडची काळी माती चाकाला चिकटते, ती दसऱ्याला सोयाबीन निघेपर्यंत पाठ सोडत नाही. इंदुरातल्या आपल्या लोकांपैकी ज्यांची थोडीफार शेती अजून तिकडे आहे, त्यांच्यातले बरेच जण हल्ली पिकअप घेतात, आणि घेतल्यावर सल्ला मागायला अमेरिकन व्हिडिओंकडे जातात. तिथला माणूस बर्फातून होंडा रिजलाइन चालवत असतो. ती ऑल-व्हील गाडी. तुमच्या दारात उभी असलेली हायलक्स किंवा व्ही-क्रॉस ही पार्ट-टाइम फोर-व्हील गाडी. त्याचं ऐकून तुम्ही फोर-व्हीलचा नॉब फिरवलात तर खर्च तुमचा.

आधी आपली गाडी कोणती ते बघा. गाडीच्या पुस्तिकेत ‘कोरड्या पक्क्या रस्त्यावर ४-एच वापरू नये’ असं लिहिलेलं असेल तर ती पार्ट-टाइम (२-एच म्हणजे दोन चाकांची ओढ, ४-एच म्हणजे नेहमीच्या वेगाचा फोर-व्हील). अशा गाडीत २-एचवर फक्त मागची चाकं ओढतात. ४-एच लावला की ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनची ओढ पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडून टाकतो. ऑल-व्हीलमध्ये पुढच्या-मागच्या एक्सलच्या मधे डिफरन्शिअल किंवा क्लच असतो. तो दोन्हींना कमी-जास्त फिरू देतो, म्हणून ती गाडी बाराही महिने डांबरावर तशीच चालते, ड्रायव्हरला काही करावं लागत नाही. मात्र त्यात बहुधा ४-एल (कमी वेगाचा, जास्त ओढीचा फोर-व्हील) नसतो, आणि खोल चिखलात बराच वेळ रेटली तर तो क्लच तापून हात वर करतो. काही पिकअपमध्ये दोन्ही सोयी असतात: मित्सुबिशी ट्रायटनच्या काही मॉडेलमध्ये मधलं डिफरन्शिअल आहे आणि ते लॉकही होतं, अमेरिकेतल्या काही फोर्ड आणि शेवरोले गाड्यांत ‘फोर-ऑटो’ असतो. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या पिकअपमध्ये हे नाही, त्यामुळे पुढचं सगळं पार्ट-टाइमबद्दल.

लावणं सोपं आहे. चिखल दिसला की चिखलात शिरण्याआधी, स्टेअरिंग सरळ ठेवून, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून नॉब ४-एचवर. डॅशबोर्डवरचा ४-एचचा दिवा स्थिर झाला की पुढे.

‘अडकली तर लावू’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. रिकाम्या पिकअपचं वजन पुढे असतं, मागची चाकं हलकी असतात. २-एचवर ती दोन-चार फिरक्या घेऊन स्वतःसाठी खड्डा खणतात, टायरच्या खाचा मातीने भरून टायर गुळगुळीत होतो, आणि मग लावलेला फोर-व्हील त्या खड्ड्यातून काढेलच असं नाही. हौद्यात मागच्या एक्सलवर चार पोती असतील तर फरक पडतो. गाडी रिकामी असेल तर टायरची हवा अठरा-वीस पीएसआयवर आणा आणि डांबर लागल्यावर परत भरा. माल भरलेला असेल तर हवेला हात लावू नका.

आणखी एक गैरसमज. फोर-व्हील म्हणजे चारही चाकं ओढतात असं नाही. दोन्ही एक्सलमधली डिफरन्शिअल उघडी, म्हणजे लॉक न केलेली असतात, त्यामुळे पुढचं एक आणि मागचं एक चाक हवेत किंवा रेंद्यात असेल तर तीच दोन गरगर फिरतात आणि बाकीची दोन बघत बसतात. ट्रॅक्टरच्या खोल चाकोरीत हे हमखास होतं. मागचा डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र जोडणारा) असेल तर अशा वेळी लावा, हळू आणि सरळ चालत बाहेर या, लगेच काढा.

आता काढण्याकडे वळू. नॉब फिरवून गाडी ऐकत नाही तेव्हा काय होतंय हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं आणि समजायला बराच काळ लागला, म्हणून सविस्तर सांगतो.

वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची लहान वर्तुळावरून. म्हणजे पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. पण ४-एचमध्ये दोन्ही शाफ्टना सारखंच फिरणं भाग आहे. चिखलात किंवा मुरमावर टायर थोडा घसरतो आणि हिशेब मिटतो. कोरडं डांबर टायरला घसरू देत नाही, मग ओलं धोतर पिळावं तसा पीळ शाफ्टना, क्रॉसना (शाफ्टच्या सांध्यांना) आणि ट्रान्सफर केसच्या गिअरना चढत जातो. पेट्रोल पंपावर वळून आत शिरताना स्टेअरिंग जड लागतं, हँडब्रेक ओढलेला असावा तशी गाडी अडते, आणि मग पुढचं एखादं चाक टचकन उडी मारून ताण सोडतं. ती उडी म्हणजे टायर सुटला म्हणून शाफ्ट वाचला, असं समजा. माल भरलेल्या गाडीत टायर सहज सुटत नाही.

पीळ चढलेला असताना नॉब २-एचवर फिरवला तरी दिवा लुकलुकत राहतो. आतले दाते एकमेकांत दाबून बसलेले असतात, सुटायला जागाच नसते. इथे लोक दोन चुका करतात. एक, दिवा लुकलुकत असतानाच तसंच हायवेला लागणं. दुसरी, नॉब वीस वेळा पुढे-मागे फिरवणं. जुन्या लिव्हरवाल्या गाडीत तर ‘भिया, जोर लगाओ’ म्हणून दोघांनी लिव्हर ओढताना पाहिलंय. जोर लावू नका.

थांबा. ज्या वळणावर पीळ चढला त्याच वळणावरून, स्टेअरिंग तसंच ठेवून, गाडी हळूच पाच-दहा मीटर मागे घ्या. पुढे जाताना चढलेला पीळ त्याच वाटेने मागे येताना उतरतो. स्टेअरिंग मध्येच एकदम हलकं होतं, ते हाताला कळतं. तेव्हा ॲक्सिलरेटर सोडा, दिवा विझेल. मागे जायला जागा नसेल तर एका बाजूची दोन चाकं रस्त्याकडेच्या मुरमावर उतरवून थोडं सरळ चाला. सैल जमिनीवर टायर घसरतो आणि ताण मोकळा होतो.

त्याहून बरं म्हणजे ही वेळच येऊ देऊ नका. शेतातून डांबराकडे येताना शेवटची पाच-दहा पावलं बहुतेक ठिकाणी मुरूम असतो. नॉब तिथेच फिरवायचा, चारही चाकं डांबरावर चढल्यावर नव्हे. चढ निसरडा असेल आणि ४-एचशिवाय चढताच येत नसेल, तर स्टेअरिंग सरळ ठेवून वर या, आणि वळण्याआधी काढा. मी शेजारी बसणाऱ्यालाही दिव्यावर लक्ष ठेवायला सांगतो.

‘पाऊस पडतोय, घाटात ४-एच असू दे’ हा सल्ला तर मला अजिबात चालत नाही. पावसात भिजलेल्या डांबरालाही पीळ चढवण्याइतकी पकड असते. भेरूघाटासारख्या वळणांवर जोडलेल्या शाफ्टमुळे गाडी वळायला नाखूश होते आणि बाहेरच्या बाजूला सरकते. ब्रेकला तर फोर-व्हीलचा काडीचा उपयोग नाही. वेग धरायला चार चाकं मदत करतात, थांबायला सगळ्याच गाड्यांना चार असतात. ओल्या घाटात गाडी हळू चालवा आणि टायर चांगले ठेवा.

४-एल वेगळा. गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये टाकून, क्लच दाबून लावायचा. वेग साधारण अडीचपट कमी होतो, ओढ तितकी वाढते. चोरलच्या पात्रातल्या गोट्यांवर, किंवा मालासकट तीव्र उतार उतरताना इंजिनवर गाडी धरायची असेल तेव्हा. चिखलात ४-एल लावलाच तर दुसऱ्या गिअरमध्ये उठवा, पहिल्यात चाक लगेच फिरकी घेतं.

घरी आल्यावर चाकांच्या आतल्या बाजूला पाण्याचा झोत मारा. रिंगच्या आत बसलेली काळी माती रात्रीत विटेसारखी होते आणि दुसऱ्या दिवशी देवास नाक्यापुढे वेग वाढवला की स्टेअरिंग थरथरायला लागतं. लोक तडक अलाइनमेंटवाल्याकडे जातात. आधी हात घालून बघा.

उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, मुरमाच्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर ४-एच चालवा. तेल आत फिरतं, नॉबमागची यंत्रणा अडकून बसत नाही.

जुनी पिकअप घेणार असाल तर मालकाच्या बोलण्यावर जाऊ नका. मुरमावर नेऊन ४-एच आणि ४-एल दोन्ही लावून आणि काढून बघा, दिवा किती वेळ लुकलुकतो ते पाहा. मग खाली वाका. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत असतील तर त्यांचा घेर वेगळा असतो, आणि ४-एचमध्ये अशी गाडी सरळ रस्त्यावरही पीळ धरते. भाव ठरवताना दोन नव्या टायरचे पैसे वजा करा, आणि ट्रान्सफर केसखाली तेलाचा ओघळ दिसला तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका.