‘डाऊनी औषधाला सरावली’ म्हणण्याआधी: आपल्याच द्राक्षबागेत नैसर्गिक निवड कशी पाहायची

निफाड तालुक्यात कादवेच्या काठाला आमची तीन एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकले, लग्न होऊन इथं आले, आणि गेली चौदा वर्षं फवारणीचं रजिस्टर माझ्याकडे आहे. त्यातलं एक पान मला पाठ आहे. ऑक्टोबर छाटणी होऊन महिना झालेला, घड दोडा अवस्थेत, म्हणजे फुलं अजून कळीत, आणि तीन दिवस अवकाळी पाऊस, म्हणजे डाऊनीला, पानं-घड खाणाऱ्या बुरशीसारख्या रोगाला, आवतणच. औषधाच्या दुकानात सांगितलं, ॲझॉक्सीस्ट्रोबिन मारा, मागच्या साली त्याच्यावरच सगळ्यांच्या बागा वाचल्या. मारलं. पाच दिवसांनी पुन्हा तेच, मग तिसऱ्यांदाही तेच. त्यानंतरच्या एका पहाटे मी घड हातात घेतला तर देठ आकड्यासारखा वळलेला, दोड्यांवर पांढरी पिठी, आणि बोट लागताच दोडे तांदळाच्या कणीसारखे खाली. माझे सासरे, नाना, बांधावर बसले आणि म्हणाले, “सरावली गं डाऊनी औषधाला.”

हे वाक्य आपल्या जिल्ह्यात प्रत्येक शिवारात ऐकू येतं. त्यातल्या ‘सरावली’ या एका शब्दापायी आपण किती औषध आणि किती माल घालवतो, हे मला त्या वर्षी कळलं. बैल जुवाला सरावतो, म्हणजे तोच बैल हळूहळू बदलतो. डाऊनीचा एकही बीजाणू औषध पिऊन निर्ढावत नाही. औषधाने मरणारे मरतात, जे आधीपासूनच वेगळे होते ते उरतात, आणि पुढची सगळी पिलावळ त्यांची असते. चार्ल्स डार्विनने 1859 साली नैसर्गिक निवड म्हणून जे मांडलं ते हेच. दहावीला ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा असतो, पण ती उत्क्रांती घरामागच्या वेलीवर दोन आठवड्यांत घडते, हे पोरांना कुणी दाखवत नाही. कसं दाखवायचं आणि फवारणीत त्याचा उपयोग कसा करायचा, ते लिहिते.

आधी रोग ओळखा

भुरी (द्राक्षावरचा दुसरा बुरशीचा रोग) आणि डाऊनी यांत घोळ झाला तर पुढचं सगळं वाया. भुरीची राखाडी भुकटी पानाच्या वरच्या बाजूलाही असते आणि बोटाने पुसली जाते. डाऊनीत वरून तेल सांडल्यासारखा पिवळट डाग दिसतो आणि बरोबर त्याच्या खाली, पानाच्या पाठीवर, पांढरी लव. लव दिसत नसेल तर डाग असलेलं पान ओल्या कागदावर पालथं ठेवून डबा बंद करा आणि रात्रभर अंधारात राहू द्या. डाऊनी असेल तर बहुधा सकाळी लव आलेली असते, कारण तिला बीजाणू धरायला दमट अंधार लागतो. गावातल्या शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर थोडी लव पाण्याच्या थेंबात घेऊन बघा. लिंबाच्या आकाराच्या पिशव्या दिसतात. काही तासांनी त्या फुटून दोन शेपट्यांचे जीव बाहेर येतात आणि चक्क पोहतात. हे पोहणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग हिशेब मांडा

हा हिशेब मी नानांना रजिस्टरच्या मागच्या पानावर करून दाखवला. समजा बागेत दहा लाख बीजाणू आहेत आणि त्यांतला एकच असा आहे की औषध त्याला लागू पडत नाही. फवारणीने बाकीच्यांतले शंभरातले नव्व्याण्णव मेले. आता वेगळ्या एकामागे साधे उरले दहा हजार. पाऊस झाला, दोघंही सारखेच वाढले, प्रमाण तेच राहिलं. पुन्हा तेच औषध: एकामागे शंभर. तिसऱ्यांदा तेच औषध: एकामागे एक. दहा लाखांत एक होता, तो तीन फवारण्यांत दोनात एक झाला, आणि मधल्या काळात कुठलाही बीजाणू जरासुद्धा बदलला नाही. आकडे मी धरलेले आहेत, पण माझ्या पाठ पानावरही फवारण्या तीनच होत्या. चौथी मारली असती तर फक्त पैसे गेले असते.

ॲझॉक्सीस्ट्रोबिनच्या बाबतीत तो ‘वेगळा’ नेमका कशाने वेगळा असतो, हेही माहीत आहे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एका प्रथिनात 143 क्रमांकाच्या जागी ग्लायसीन असतं, त्याऐवजी ॲलनिन येतं. डीएनएमधलं एक अक्षर बदललं की एवढं होतं. असे बदल नक्कल होताना चुकून होतात आणि संततीत उतरतात. एरवी कुणाला पत्ताही लागत नाही. औषध आलं की मात्र तेच अक्षर जीव वाचवतं. हा बदल महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांमधल्या डाऊनीतही सापडलेला आहे.

“पण औषधामुळेच तो बदल झाला नसेल कशावरून?” असं माझ्या दिरानं विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. याचं फार सुंदर उत्तर 1952 साली एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या दांपत्याने दिलं. त्यांनी जीवाणू वाढवलेल्या बशीवर मखमलीचा तुकडा दाबला आणि त्याच ठशाने दुसऱ्या, औषध घातलेल्या बशीवर जीवाणू उतरवले. औषधात जे ठिपके टिकले त्यांच्या जागा पहिल्या बशीवर शोधल्या. त्या बशीला औषधाचा वासही लागला नव्हता, तरी तिथले जीवाणू औषधाला दाद न देणारेच निघाले. म्हणजे बदल आधीचा, निवड नंतरची.

पानांची परीक्षा

ही सप्टेंबरात करा. पावसाळ्यात जुन्या पानांवर डाऊनी असतेच, आणि ऑक्टोबर छाटणीआधी उत्तर हातात येतं.

निरोगी पानं अशा वेलीची घ्या जिच्यावर औषध पडलेलं नाही. आम्ही त्यासाठी अंगणात कुंडीत दोन वेली ठेवल्या आहेत. शेंड्यापासून चौथं-पाचवं पान चांगलं. झाकणाचे प्लास्टिकचे डबे घ्या, तळाला ओला टिश्यू पेपर. प्रत्येक औषधाला एक डबा आणि एक नुसत्या पाण्याचा. औषध बागेतल्याच डोसाने, लिटरभर पाण्यात, सिरिंजने मोजून, हातमोजे घालून. पान बुडवा, सावलीत सुकवा, मग डब्यात पालथं ठेवा. पाठ वर हवी, कारण डाऊनी शिरते ती पानाच्या पाठीवरच्या रंध्रांतून.

आता रोगट पानांवरची ताजी लव रंगाच्या मऊ ब्रशने थंड पाण्यात उतरवा. नळाचं क्लोरीनचं पाणी नको, विहिरीचं उकळून गार केलेलं घ्या. त्या पाण्याचे थेंब प्रत्येक पानावर सोडा, झाकण लावून रात्रभर अंधारात ठेवा. सकाळी थेंब टिश्यूने टिपून घ्या आणि डबे घरातल्या गारव्याच्या जागी उजेडात ठेवा, पण थेट ऊन लागू देऊ नका. सहाव्या-सातव्या दिवशी बघा.

सगळ्यात आधी पाण्याचा डबा उघडा. त्यात लव नसेल तर परीक्षाच फसली, बाकी डब्यांवरून काहीही ठरवू नका. मी पहिल्या वर्षी हीच चूक केली, सगळी पानं हिरवीगार बघून खूश झाले. पाण्याच्या डब्यात लव आहे आणि एखाद्या औषधाच्या डब्यातही तितकीच आहे, तर तुमच्या बागेत निवड होऊन गेलेली आहे. नमुना बागेच्या चार-पाच ठिकाणचा घ्या, एका वेलीवरून सगळ्या बागेचं कळत नाही. काम झालं की पानं उकळून लांब पुरा.

फवारणीत याचा उपयोग

दुकानातलं नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं नाही. हे मी ठळक शाईत लिहून ठेवलंय. ॲझॉक्सीस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन, फॅमोक्झाडोन, फेनामिडोन ही चार नावं, पण चारही एकाच जागी घाव घालतात. एकातून सुटलेला बीजाणू साधारणपणे चौघांतून सुटतो. औषधांचे गट जगभर क्रमांकांनी ओळखतात, त्याला फ्रॅक क्रमांक म्हणतात. ही चारही 11 मध्ये. मेटॅलॅक्झिल 4, डायमेथोमॉर्फ आणि मँडीप्रोपॅमिड 40, सायमोक्झॅनिल 27, सायझोफॅमिड 21. आमच्या रजिस्टरमध्ये औषधाच्या नावाआधी हा क्रमांक लिहितो, आणि तोच क्रमांक लागोपाठ दोनदा येऊ देत नाही. 11 चा गट हंगामात दोनदाच, आणि एकटा कधीच नाही.

जोडीला काय? तांबं किंवा मँकोझेबसारखं स्पर्शजन्य, म्हणजे पानात न शिरता वरच राहून मारणारं औषध. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण 1885 पासून डाऊनीवर चाललंय आणि अजून लागू पडतं, कारण तांबं पेशीत एकाच वेळी कितीतरी ठिकाणी मारतं. सुटायचं तर तितके बदल एकाच बीजाणूत एकत्र यावे लागतील. वरचा हिशेब पुन्हा मांडून बघा: वेगळा आणि साधा दोघंही सारखेच मेले तर प्रमाण हलत नाही. निर्यातीचा माल असेल तर परवानगीची यादी आणि काढणीआधीचे दिवस पाहूनच हे सगळं. बाकी कामं नेहमीचीच: बगलफुटी (पानांच्या बेचक्यातले फुटवे) काढून हवा खेळती ठेवणं, गळलेली पानं बागेबाहेर नेणं, रोग दिसण्याआधी फवारणं. निवड व्हायला गर्दी लागते, गर्दीच कमी ठेवायची.

पोरांना दाखवायचे जुने पुरावे

डाऊनीचं पोहणं आठवतं? डाऊनीला आपण बुरशी म्हणतो, पण तिची भाऊबंदकी समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी आहे. तिच्या पेशीची भिंत प्रामुख्याने सेल्युलोजची, खऱ्या बुरशीची कायटिनची. म्हणून भुरीवर चालणारं हेक्साकोनॅझोल डाऊनीवर चालत नाही: ते एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाही, आणि डाऊनी एर्गोस्टेरॉल बनवतच नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झाल्या, त्याचा परिणाम आज आपल्या औषधाच्या बिलात दिसतो.

खुंटाकडे, म्हणजे ज्याच्यावर कलम बांधतो त्या खालच्या वेलीकडेही बघा. आपल्या डॉगरिज खुंटाचं मूळ अमेरिकेतल्या रानवेलींत आहे. तिथल्या रानवेली आणि डाऊनी पिढ्यान्‌पिढ्या एकत्र वाढल्या, त्यामुळे त्यांतल्या अनेकींत तिला थोपवायची ताकद निवडली गेली. युरोपातल्या वेलीला डाऊनी 1878 पर्यंत माहीतच नव्हती, म्हणून फ्रान्समध्ये आल्या आल्या तिनं बागा झोपवल्या. आपली थॉमसन त्या युरोपच्या वेलीच्याच जातीची. आणि त्या थॉमसनच्या एखाद्या फांदीत आपोआप झालेले बदल शेतकऱ्यांनी हेरून तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन उभ्या केल्या. तिथं निवडणारा हात माणसाचा, एवढाच फरक.

माझा सगळ्यात आवडता पुरावा मात्र बाळी, म्हणजे वेलीचा आधार धरणारा वळणदार तंतू. घड जिरून बाळी झाली की आपण कपाळाला हात लावतो, पण ती फांदी हातात धरून एकदा नीट बघा. एका फाट्यावर वळणदार बाळी, दुसऱ्या फाट्यावर पाच-सहा दोडे. घड आणि बाळी एकाच अवयवाची दोन रूपं आहेत. डार्विनने 1865 साली वेलींवर लिहिताना या दोहोंमधले टप्पे नोंदवून हेच दाखवलं होतं: फुलांचा देठ बदलत बदलत आधार धरणारा हात झाला. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर आपण 6 बीए आणि सीसीसी ही वाढ वळवणारी संजीवकं देतो ते याच दुहेरी मुळामुळे, कोवळ्या डोळ्यातला तो कोंब घडाकडे वळावा म्हणून. मी अशी एक अर्धी फांदी वहीत दाबून ठेवली आहे. शेजारची पोरं ती बघायला येतात, आणि तिसरीतली एक मुलगी म्हणाली, “काकू, हिला ठरवताच आलं नाही.”

नाना आता शहाऐंशीचे आहेत. पंपावर येत नाहीत, पण टाकी भरायच्या आधी ओट्यावरून हाक मारतात: “आज कुठला नंबर? परवा 40 होता ना?”