कमोडोर ६४ ची चित्राक्षरं युनिकोडमध्ये आणण्याआधी

सगळ्यात आधी या जुन्या घरगुती संगणकावरच्या मूळ फाइलची जशीच्या तशी प्रत काढून बाजूला ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणताना ज्यांचे हात पोळलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग फाइलमधले आकडे पेट्स्कीचे (कमोडोरची अक्षरांना आकडे देण्याची पद्धत) आहेत की पडद्याच्या मेमरीतून उचललेले, ते ठरवा. बदामाचं चिन्ह पेट्स्कीत २११ आहे, पडद्याच्या मेमरीत ८३. त्यातही यंत्र लहान इंग्रजी अक्षरांच्या (स्मॉल लेटर्स) संचावर असेल, तर त्याच जागी मोठा एस उमटतो. म्हणून त्या वेळी कोणता संच चालू होता, याची नोंद फाइलसोबत हवीच.

बेसिक या भाषेतल्या प्रोग्रॅमचं लिस्टिंग असेल तर घाई करू नका. अवतरणचिन्हाच्या आत उलट्या रंगातला बदाम दिसला, तर तो बदाम नाही. पडदा पुसायची ती आज्ञा आहे, कोड १४७. तिथे बदाम टंकला की चित्र राहील, प्रोग्रॅम मरेल. अशा आज्ञांसाठी महिरपी कंसातली खूण ठरवा आणि शेवटपर्यंत तीच वापरा. उलट्या रंगातल्या अक्षरांनाही युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा नाही, त्यांचीही खूण लागेल.

बदाम, इस्पिक, चौकट, किलवर युनिकोडमध्ये आधीपासून आहेत. जुन्या संगणकांच्या चिन्हांचा खास गट २०२० मध्ये, १३ व्या आवृत्तीत आला; २०२४ च्या १६ व्या आवृत्तीत आणखी ६८६ चिन्हांची पुरवणी जोडली गेली. तुमचा फॉन्ट कुठवर पोचलाय ते बघून घ्या, नाहीतर नुसते रिकामे चौकोन दिसतील. सोबत टीआरएस-८० या दुसऱ्या जुन्या संगणकाच्या फाइली असतील, तर एका अक्षराच्या जागेत बसणाऱ्या सहा ठोकळ्यांच्या (भरलेले किंवा रिकामे) ६४ जुळण्यांपैकी या गटात ६० च सापडतील. कोरी, पूर्ण भरलेली, डावी अर्धी आणि उजवी अर्धी आधीच दुसरीकडे होत्या. त्या चार रूपांतराच्या तक्त्यात हाताने भरा. नव्या गटातली चिन्हं यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) चार बाइट घेतात, त्यामुळे मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ठेवताना चार बाइटची चिन्हं घेणारा यूटीएफ८एमबी४ हा अक्षरसंच निवडा.

शेवटी मजकूर उलट फिरवून मूळ प्रतीशी बाइटन् बाइट ताडून पाहा. फरक निघतील, कारण पेट्स्कीत बदाम ११५ वरही आहे, आणि मूळचा ११५ उलट फिरवताना २११ होऊन येऊ शकतो. असा प्रत्येक फरक कारणासकट लिहून ठेवा. कारण सापडत नसेल, तर ती फाइल संग्रहात टाकू नका.