परिभाषासूची करताना आणि वापरताना या चुका टाळा

पुस्तकाच्या, अहवालाच्या किंवा माहितीपुस्तिकेच्या शेवटी जोडलेल्या परिभाषासूचीचे काम मर्यादित पण महत्त्वाचे असते. त्या मजकुरात एखादी संज्ञा ज्या अर्थाने आली आहे, नेमका तोच अर्थ तिने वाचकाच्या हाती द्यायचा असतो. शब्दकोश शब्दाचे सर्व अर्थ देतो आणि विषयसूची तो शब्द कोणकोणत्या पानांवर आला आहे ते सांगते. परिभाषासूचीकडून या दोन्हींची अपेक्षा नसते. अनेक जण मिळून एकच भाषांतर करत असतील, तर सर्वांनी एका संकल्पनेसाठी एकच संज्ञा वापरावी म्हणूनही तिचा उपयोग होतो. सूची आणि मजकूर यांचे हे नाते सुटले की पुढील बहुतेक चुका घडतात.

ओळखीचे शब्द वगळणे

सूची तयार करणारा बहुधा अवघड वाटणारे शब्द वेचत जातो. सातबारा उताऱ्याविषयीच्या पुस्तिकेत ‘पोटखराबा’ (शेतातील लागवडीस अयोग्य जमीन) सूचीत येतो, कारण तो शब्द शहरी वाचकाने ऐकलेलाच नसतो. ‘आकार’ मात्र राहून जातो. उताऱ्यावर ‘आकार’ म्हणजे जमिनीवर बसवलेल्या महसुलाची रुपये-पैशांतील रक्कम असते, पण वाचक तो शब्द जमिनीच्या लांबी-रुंदीशी जोडतो आणि आपल्याला कळले असे समजून पुढे जातो. अनोळखी शब्दापाशी वाचक स्वतःच अडतो आणि सूची उघडतो. ओळखीच्या शब्दापाशी तो अडतच नाही. म्हणून अशा संज्ञा सूचीत घेणे पुरेसे नाही; त्या मजकुरात प्रथम येतात तेथे ठळक ठशात छापून वाचकाला सावध करावे लागते. शालेय भौतिकशास्त्रातील ‘चाल’ आणि ‘वेग’ ही जोडीही अशीच आहे. रोजच्या बोलण्यात गाडीचा वेग म्हणताना दिशा कोणाच्या मनात नसते, परंतु पाठ्यपुस्तकात वेगाला दिशा असते आणि चालीला नसते.

अर्थाऐवजी दुसरा कठीण शब्द देणे

‘परासरण: अर्धपार्य पटलातून होणारे द्रावकाचे परासरण’ अशी नोंद वाचून कोणालाही काही कळत नाही, कारण जो शब्द समजावून द्यायचा तोच व्याख्येत परत आला आहे. त्याऐवजी ‘पातळ द्रावणाच्या बाजूचे पाणी विशिष्ट पातळ पडद्यातून दाट द्रावणाच्या बाजूला जाण्याची क्रिया, पाण्यात टाकलेल्या मनुका याच क्रियेमुळे फुगतात’ असे लिहिले, तर नोंद लांबते पण उपयोगी पडते. व्याख्येत आलेली संज्ञा त्याच सूचीत असावी, नाहीतर ती व्याख्येत वापरू नये.

याच्या उलट, सोपे करण्याच्या ओघात चुकीचे लिहिणे ही अधिक गंभीर चूक आहे. ‘आर म्हणजे गुंठा’ अशी नोंद दिसायला सुटसुटीत असली, तरी 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि 1 गुंठा म्हणजे सुमारे 101.17 चौरस मीटर, त्यामुळे एका हेक्टरमध्ये 100 आर बसतात, पण गुंठे 98.84 च बसतात. एका हेक्टरमागे एक गुंठ्याहून अधिक फरक पडणारी ही व्याख्या खरेदीखत वाचणाऱ्याला थेट नुकसानीत नेऊ शकते. संज्ञेत माप, रक्कम किंवा मुदत असेल, तर सूचीत आकडा द्यावा. ‘जवळपास’ या शब्दावर भागवू नये.

एका शब्दाला एकच प्रतिशब्द ठरवणे

‘सेल’ हा इंग्रजी शब्द जीवशास्त्रात पेशी, विजेच्या संदर्भात विद्युतघट, तुरुंगात कोठडी आणि कार्यालयात कक्ष होतो. सूचीतील नोंद शब्दाची न करता संकल्पनेची केली आणि प्रत्येक नोंदीपुढे विषय लिहिला, तर गोंधळ उरत नाही. ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही: शिवकाळात तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी वळणाच्या शब्दांना संस्कृत पर्याय देताना त्यांची मांडणी विषयवार वर्गांतच केलेली आहे.

हिंदी सूचीवरून मराठी सूची बेतताना विशेष जपावे, कारण लिपी एकच असल्याने शब्द तसेच उचलले जातात. हिंदीत कायद्यातील दुरुस्तीला ‘संशोधन’ म्हणतात. मराठीत संशोधन म्हणजे नव्या ज्ञानाचा शोध. हिंदीतील ‘यातायात’ ही वाहतूक असते, मराठीत ती दगदग होते. मराठी प्रशासनाची आणि अनेक शास्त्रांची परिभाषा महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने कोशांतून दिलेली असल्याने आधी ते कोश पाहावेत.

सामान्यरूप विसरणे

मराठीसाठी सूची करणाऱ्याने सर्वाधिक वेळ द्यायला हवा तो येथे. भाषांतराच्या संगणकीय साधनात सूची भरली, तरी ‘खाते’ ही नोंद ‘खात्यातून’ या शब्दाला बऱ्याचदा लागू होत नाही, कारण प्रत्यय लागण्यापूर्वी मूळ शब्दच बदलतो; या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. ‘तारीख’चे ‘तारखे’, ‘विहीर’चे ‘विहिरी’ आणि ‘कापूस’चे ‘कापसा’ होते. साधन मौन राहते आणि भाषांतरकार समजतो की येथे सूचीतील संज्ञाच नाही. यावर उपाय म्हणजे प्रत्येक नामाच्या नोंदीत त्याचे एकवचनी आणि अनेकवचनी सामान्यरूपही पर्यायी रूप म्हणून भरावे.

त्याच कारणाने एकगठ्ठा शोधून बदलण्याची आज्ञा जपून द्यावी. ‘आर’ शोधून त्या जागी दुसरे काही घातले, तर ‘आराखडा’ आणि ‘आरोप’ हे शब्दही मोडतात. संज्ञा बदलली की लिंगही बदलू शकते: ‘करार झाला’ यातील ‘करार’ काढून कायद्यातील ‘संविदा’ घातली, तर वाक्य ‘संविदा झाला’ असे उरते आणि पुढची विशेषणे व क्रियापदेही चुकतात. म्हणून मराठी सूचीत प्रत्येक नामापुढे लिंग नोंदवणे ही गरज आहे.

डोळ्यांना न दिसणारे फरक

शब्द समोर दिसतो आणि शोध मात्र ‘सापडला नाही’ म्हणतो, तेव्हा दोष बहुधा टंकलेखनात असतो. ‘ॲ’ हे अक्षर एकाच सांकेतिक चिन्हाने लिहिता येते आणि ‘अ’ला अर्धचंद्र जोडूनही लिहिता येते, एकसंध चिन्ह युनिकोडमध्ये 2008 साली आल्याने त्याआधीच्या मजकुरांत दुसरी पद्धत आढळते. ‘दुसऱ्या’मधील अर्धा ‘र’ही दोन रीतींनी साठवला जातो. सूची आणि मजकूर या दोहोंत एकच रीत ठेवावी. तक्त्यातून सूची बाहेर काढल्यावर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे आली, तर मूळ तक्त्यातून फाइल यूटीएफ-8 या सांकेतिकीत पुन्हा काढावी. व्याख्येतील स्वल्पविरामांनी रकाने तुटत असतील, तर रकान्यांमध्ये स्वल्पविरामाऐवजी टॅब वापरावा.

अकारविल्हे मांडणी संगणकावर सोपवली, तर केवळ सांकेतिक क्रमाने लावणारा तक्ता ‘ळ’ला ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसवतो, जेव्हा मराठी वाचक तो ‘ह’नंतर शोधतो. लावलेला क्रम छपाईपूर्वी डोळ्यांखालून घालावा आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ कोठे ठेवले आहेत ते सूचीच्या आरंभी एका ओळीत सांगावे. मजकूर अंतिम झाल्यावर सूचीतील प्रत्येक संज्ञा त्यात शोधून पाहावी, आणि संपादनात जिचे वाक्यच गळाले असेल ती नोंद काढून टाकावी.